नातवंडांसोबत ऊर्जेचे धडे

आई-वडील कामावर गेले की अनेक घरांत दुपारी आजी-आजोबा आणि लहान नातवंड एवढेच उरतात. या वेळेत मुलाला विज्ञानाची गोडी लावता येते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ऊर्जेची व्याख्या समजत नाही. मात्र ऊर्जा रूप बदलते, हे त्याला हाताने अनुभवता येते.

प्रथम दोघांनीही तळहात एकमेकांवर जोराने चोळून गालांना लावावेत. हालचालीची उष्णता झाली! थंडीने आपण कुडकुडतो, तेव्हा स्नायूही हालचालीतून अशीच ऊब निर्माण करतात. ज्यांची बोटे आखडतात त्यांनी हळुवार चोळावे.

दुसरा प्रयोग टेबलावर करावा. फळीचे एक टोक दोन पुस्तकांवर टेकवून उतार करावा, पायथ्याशी रिकामे हलके खोके ठेवावे आणि वरून चेंडू सोडावा. मग पुस्तके चार करावीत. आता खोके अधिक दूर सरकते, कारण चेंडू अधिक उंच नेताना हाताने त्याला अधिक ऊर्जा दिली होती. खेळ संपताच चेंडू उचलून ठेवावा. त्यावर पाय पडून ज्येष्ठांचे हाड मोडू शकते.

तिसऱ्या प्रयोगात दोन वाट्यांत सारखेच पाणी घेऊन एक उन्हात व एक सावलीत ठेवावी. तासाभराने दोन्हींत बोट बुडवून पाहावे. हीच उन्हातील ऊर्जा उसाच्या पानांत साखरेच्या रूपाने साठते, हेही मुलाला सांगावे.

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जेम्स ज्यूल यांनी १८४५ साली खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापते, हे मोजले. ऊर्जेच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे. त्यांच्या हिशेबाचा उपयोग आजी-आजोबांनाही आहे. चहातील एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम साखर साधारण २० किलोकॅलरी देते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला तीन मीटर उंचीचा एक मजला चढण्यास जेमतेम दोन किलोकॅलरी अधिक लागतात. म्हणजे एक चमचा साखर खर्ची घालण्यास नऊ-दहा मजले चढावे लागतील! मधुमेहींनी साखरेचा डबा उघडताना हे गणित आठवावे. गुडघे वा हृदय कमकुवत असणाऱ्यांनी मात्र ते जिन्यावर पडताळू नये.

एक गोष्ट प्रयोगांपासून कटाक्षाने दूर ठेवावी, ती म्हणजे बटणासारखा चपटा सेल. श्रवणयंत्र, साखर तपासण्याचे यंत्र आणि खेळणी यांत तो असतो. मुलाने गिळल्यास तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर जखम करू शकतो. मुलाला त्रास होत नसला तरी वाट पाहू नये, उलटी करवू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. वापरलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी ऊर्जा शिल्लक असते, म्हणून तो चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

एवढी दक्षता घेतली की पुढचे काम मुलाच्या कुतूहलावर सोडावे. उत्तर लगेच न सांगता ‘आता काय होईल?’ असे आधी विचारावे आणि मग दोघांनी मिळून करून पाहावे.