गाडे अडते ते मोटारीपाशी

अँटवर्पच्या हिरेबाजारात उमेदीची वर्षे घालवलेले जैन कुटुंब मुंबईस परतू लागले, की देव्हारा, भांडीकुंडी, पुस्तके यांची बांधाबांध विनासायास होते. गाडे अडते ते मोटारीपाशी. बेल्जियममधील मोटारीचे स्टिअरिंग डावीकडे असते आणि भारत वापरलेली मोटार उजव्या स्टिअरिंगचीच आत घेतो. विषय तेथेच संपतो.

लंडन वा नैरोबीहून येणाऱ्यास ही अडचण नाही. परंतु मोटार निर्मितीपासून ३ वर्षांहून जुनी नसावी आणि पुढे किमान ५ वर्षे धावण्याजोगी असावी, या अटी त्यालाही लागू आहेत.

खरा हिशेब त्यापुढचा. वास्तव्य हलवून येणाऱ्यास घरसामानावर मिळणाऱ्या सवलतीत मोटार बसत नाही. जहाजभाडे व विमा धरून ठरवलेल्या किमतीवर शुल्क व कर लागतात आणि त्यांची बेरीज सहसा त्या किमतीच्याही वर जाते. व्यापाऱ्याच्या घरी हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. अवघड असते ते वडिलांनी हौसेने घेतलेल्या मोटारीची किल्ली परक्या हाती देणे. तरीही जाणती कुटुंबे परतीचा बेत ठरताच आधी मोटारीचे गिऱ्हाईक पाहतात; तिकिटे काढून झाल्यावर विकणाऱ्याची घाई लपत नाही आणि भाव पडतो.