स्नायुक्षय आणि हृदयाचा ताल

स्नायु हा शब्द कानीं पडला म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें दंड, मांड्या आणि पोटऱ्या येतात. हृदय हाही एक स्नायुच आहे, आणि तो जन्मभर अहोरात्र राबत असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. म्हणूनच ज्या आनुवंशिक विकारांत शरीराचे स्नायु हळूहळू झिजत जातात, त्यांत पुष्कळदां हृदयालाही धक्का पोहोंचतो. या विकारांना मस्क्युलर डिस्ट्रॉफी अथवा स्नायुक्षय असें म्हणतात.

हृदयाचा ठोका पडतो तो विजेच्या एका सूक्ष्म लहरीमुळें. ही लहर वरच्या उजव्या कप्प्यांत उत्पन्न होते, वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते, मधल्या एका गांठीपाशीं क्षणभर थबकते आणि मग ठराविक तंतूंच्या वाटेनें खालच्या कप्प्यांत उतरते. ही वाट निर्वेध असली म्हणजे ठोके तालांत पडतात. वाटेंत अडथळा आला कीं ताल बिघडतो.

या विकारांपैकीं सर्वांत परिचित प्रकाराला द्यूशेन या फ्रेंच वैद्याचें नांव मिळालें आहे. १८६० नंतरच्या दशकांत त्यानें या रोगाचें सविस्तर वर्णन केलें. हा रोग मुख्यतः मुलग्यांना होतो. अदमासें साडेतीन ते पांच हजार मुलग्यांत एकाला. त्याचें मूळ १९८७ च्या सुमारास उलगडलें. डिस्ट्रॉफिन नांवाचें एक प्रथिन स्नायुपेशीच्या आवरणाला आंतून आधार देत असतें. या मुलांत तें जवळजवळ तयारच होत नाहीं. आधार नसलेलें आवरण आकुंचनाच्या ताणानें फाटत राहतें, पेशी मरतात आणि त्यांच्या जागीं वण तयार होतात. हृदयांतही हेंच घडतें. वणांतून विजेची लहर नीट वाहत नाहीं; ती अडते, वळसे घेते आणि अवेळीं ठोके पडूं लागतात. हृदय दुर्बळ होण्याच्या कांहीं वर्षें आधींपासूनच अशा मुलाची नाडी स्वस्थ बसलेला असतांनाही जलद चालते, असें अनेकदां आढळतें.

मग हें वेळीच कां लक्षांत येत नाहीं? निरोगी माणसाचें हृदय थकलें तर जिना चढतांना त्याला धाप लागते आणि तो सावध होतो. परंतु चाकांच्या खुर्चींत बसलेला मुलगा जिना चढत नाहीं, धांवतही नाहीं. त्याच्या हृदयाची कसोटी लागण्याचा प्रसंगच येत नाहीं. जीं लक्षणें दिसतात तीं निराळ्याच वाटेनें दिसतात : भूक मंदावणें, पोट दुखणें, वजन घटणें, रात्रीं झोंप न लागणें. घरच्या माणसांना यांत हृदयाचा संशय तरी कसा यावा?

याच्या अगदीं उलट चित्र एमेरी-ड्रायफस या प्रकारांत दिसतें. १९६६ सालीं त्याचें वेगळेपण दाखविणाऱ्या एमेरी आणि ड्रायफस या दोघांची नांवें त्याला मिळालीं आहेत. यांत मुलाचीं कोंपरें, टांचांच्या शिरा आणि मान लहानपणींच आंखडतात. पण तो बहुधा आपल्या पायांनीं चालतो आणि शाळा-कॉलेजांतही जातो. स्नायूंचें दौर्बल्य सौम्य, पण हृदयांतील विजेच्या वाटेवर आघात मात्र मोठा. नाडी मंद होते, मध्येंच चक्कर येते, आणि कांहीं तरुणांना अकस्मात मृत्यु गांठतो. अशा वेळीं पेसमेकर हें छोटें यंत्र बसवितात. कांहीं कुटुंबांत तेवढ्यानें भागत नाहीं. घातक ताल ओळखून तो विजेच्या धक्क्यानें मोडणारें यंत्र बसवावें लागतें.

या दोन प्रकारांवरून एकच गोष्ट स्पष्ट होते. हातापायांच्या शक्तीवरून हृदयाचा अंदाज बांधतां येत नाहीं. दुःख बोलून दाखविण्याची वाट न पाहतां पंचांगाकडे पाहून तपासणी करावी, हाच खरा मार्ग. द्यूशेनच्या रोगांत निदान होतांच, आणि त्यानंतर दरवर्षीं, कार्डिओग्राम आणि हृदयाचें ध्वनिचित्र अथवा एम.आर.आय. करून घ्यावें, असें तज्ज्ञांचें मत आहे. जरूर पडल्यास चोवीस तासांचें टिपण घेणारें होल्टर यंत्रही लावतात. हृदयावरील ताण हलका करणारें औषध लक्षणांची वाट न पाहतां वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारासच सुरू करावें, असें २०१८ सालच्या मार्गदर्शनांत सांगितलें आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं भूल देणाऱ्या डॉक्टरला या रोगाची कल्पना देणेंही अत्यावश्यक असतें. सदोष जनुक वाहणाऱ्या मातांच्या व बहिणींच्या हृदयालाही विकार जडूं शकतो. त्यांचीही तपासणी व्हावी.

पूर्वीं द्यूशेनच्या रोगांत बहुतेक मुलांचा अंत श्वसनाच्या दुर्बळतेनें विशीच्या आंतबाहेर होत असे. स्टेरॉइड औषधें आणि रात्रीं श्वासाला साहाय्य करणारीं यंत्रें यांच्यामुळें आतां अनेकजण तिशी गांठतात. हें वाढलेलें आयुष्य पुष्कळदां हृदयावर येऊन अडतें. श्वासाच्या रक्षणानें मिळालेलीं वर्षें हातीं राहावयाचीं असतील तर ज्या मुलाची छातीविषयीं कांहींच तक्रार नाहीं, त्याचाही कार्डिओग्राम ठरल्या दिवशीं निघालाच पाहिजे.