जपानची प्रायोगिक लढाऊ विमाने : १९१९ ते १९३९

जपानची विमानविद्या परकीय यंत्रांच्या अनुकरणापलीकडे गेलेली नाही, असा समज दुसऱ्या महायुद्धापूर्वी पाश्चात्त्य देशांत बराच रूढ होता. डिसेंबर १९४१ मधील घटनांनी तो खोटा ठरविला. परंतु त्याच्या जागी जो दुसरा समज आला, की हे सामर्थ्य एका प्रतिभावंत अभियंत्याच्या हातून अकस्मात प्रकट झाले, तोही पहिल्याइतकाच सदोष होय. दोन महायुद्धांमधील वीस वर्षांत जपानमध्ये जी प्रायोगिक लढाऊ विमाने बांधली गेली, त्यांतील कित्येक सैन्याने नाकारली आणि काही आकाशातच मोडून पडली. या नाकारलेल्या नमुन्यांचा क्रम लावून पाहिल्यावाचून यशस्वी विमानांचा उलगडा होत नाही. आणि त्या विमानांतील उणिवांचा तर मुळीच होत नाही.

परकीय गुरूंचा काळ

पहिल्या महायुद्धानंतर जपानच्या भूसेनेने फ्रान्सकडे व नौसेनेने ब्रिटनकडे शिक्षणासाठी पाहिले. १९१९ मध्ये कर्नल फोर यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंच पथक जपानमध्ये आले. १९२१ मध्ये सेम्पिल यांचे ब्रिटिश पथक कासुमिगाउरा येथे दाखल झाले. विमाने बांधणाऱ्या कंपन्यांनीही हाच मार्ग धरला. मित्सुबिशीने सॉपविथ कंपनीत काम केलेल्या हर्बर्ट स्मिथ यांना बोलाविले व त्यांनी १९२१ मध्ये विमानवाहू जहाजासाठी लढाऊ विमान रचले. या विमानाने फेब्रुवारी १९२३ मध्ये ‘होशो’ जहाजावर पहिले अवतरण केले. चालक विल्यम जॉर्डन हाही ब्रिटिशच होता. कावासाकीत जर्मन अभियंता रिखार्ड फोग्ट दहा वर्षे होता व ताकेओ दोई त्याच्या हाताखाली तयार झाला. नाकाजिमा कंपनी फ्रेंच न्यूपोर विमाने परवान्याने बांधीत होती. अशा रीतीने कारखाने उभे राहिले, कारागीर तयार झाले. परंतु विमान कसे असावे हा निर्णय अद्याप परक्यांच्याच हाती होता.

१९२७ ची स्पर्धा

जुन्या न्यूपोर विमानांची जागा घेण्यासाठी भूसेनेने १९२७ मध्ये कंपन्यांकडून नवे नमुने मागविले. मित्सुबिशी, कावासाकी व नाकाजिमा या तिघांनीही धडाच्या वर छत्रीप्रमाणे उचलून धरलेल्या एकाच पंखाची विमाने सादर केली. जून १९२८ मध्ये मित्सुबिशीचे विमान वेगाने खाली झेपावत असता हवेतच विदीर्ण झाले. चालक हवाई छत्रीच्या साहाय्याने बचावला. या अपघातानंतर अन्य नमुन्यांचीही जमिनीवर भार चढवून परीक्षा घेण्यात आली व त्यांची घडण पुरेशी बळकट नाही असे आढळले. नाकाजिमाने आपल्या विमानात वारंवार सुधारणा केल्या, आणि अखेर १९३१ मध्ये ते ‘९१ प्रकार’ या नावाने स्वीकारले गेले.

या प्रसंगाचे महत्त्व एका विमानाच्या निवडीपुरते नाही. वेगाने झेप घेताना पंखावर येणारा भार किती, तो सांगाड्यात कसा वाटला जातो आणि कोठे मोडतो, हे कोणत्याही परवान्याबरोबर विकत मिळत नाही. आराखडा विकत घेता येतो. त्या आराखड्यामागील गणित स्वतःच मांडावे लागते, हा धडा येथे मिळाला.

स्वावलंबनाचे धोरण व पहिले अपयश

१९३० ते १९३३ या काळात नौसेनेच्या विमान विभागातील तांत्रिक शाखेचे प्रमुख इसोरोकू यामामोतो हे होते. नौसेनेची विमाने जपानी अभियंत्यांनीच रचावीत असा आग्रह याच काळात धरला गेला. १९३२ मध्ये योकोसुका येथे नौसेनेची स्वतंत्र विमान-शस्त्रशाळा स्थापन झाली आणि प्रायोगिक नमुन्यांची वार्षिक पद्धत सुरू झाली. प्रत्येक मागणीस शोवा राजवटीचे वर्ष व ‘शि’, म्हणजे प्रायोगिक, हे अक्षर जोडले जाई. १९३२ हे शोवा राजवटीचे सातवे वर्ष. म्हणून त्या वर्षीची मागणी ‘७-शि’ ठरली.

मित्सुबिशीने हे काम जिरो होरिकोशी या तरुण अभियंत्याकडे सोपविले. १९२७ मध्ये तोक्यो विद्यापीठातून पदवी घेतलेल्या होरिकोशीची ही पहिलीच स्वतंत्र जबाबदारी होती. जगातील बहुतेक लढाऊ विमाने त्या वेळी द्विपंखी असताना त्याने बाहेरून टेकू किंवा तारा नसलेला, धडाच्या तळाशी जोडलेला एकच पंख निवडला. कल्पना काळाच्या पुढची होती, परंतु घडण तिच्या तोलाची नव्हती. पंख जाड, धड बोजड आणि वेग अपेक्षेहून कमी. १९३३ मध्ये पहिल्या नमुन्याचे उभे शेपूट झेप घेताना तुटले. १९३४ मध्ये दुसरा नमुना सपाट गिरकीत सापडून नष्ट झाला. नाकाजिमाचा नमुनाही नापसंत ठरला आणि नौसेनेला काही काळ द्विपंखी विमानांवरच निर्वाह करावा लागला.

९-शि : अपयशाचे फलित

१९३४ च्या ‘९-शि’ मागणीत नौसेनेने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. विमान जहाजावर उतरण्यास योग्य असावे ही अट तिने वगळली. आधी उत्तम लढाऊ विमान सिद्ध व्हावे, जहाजाची सोय नंतर पाहावी, असा हा विचार होता. तीन हजार मीटर उंचीवर ताशी ३५० किलोमीटर वेग व साडेसहा मिनिटांत पाच हजार मीटरांपर्यंत आरोहण, एवढीच मुख्य अपेक्षा ठेवण्यात आली.

होरिकोशीने मागील विमानातील मूळ कल्पना कायम ठेवून तिची अंमलबजावणी बदलली. पंख पातळ केला, धडाचा छेद लहान केला, आणि पत्र्यावर रिव्हेटांची डोकी उठून दिसू नयेत म्हणून ती पृष्ठभागाशी सपाट बसविली. हवेत ओढून घेता येणारी चाके मात्र त्याने नाकारली. त्या वेगाला त्यांच्या यंत्रणेचे वजन परवडत नाही असे गणिताने दिसत होते. ४ फेब्रुवारी १९३५ रोजी कागामिगाहारा येथे उडालेल्या या विमानाने पुढे ताशी सुमारे ४४५ किलोमीटर वेग गाठला. म्हणजे मागणीपेक्षा जवळजवळ शंभर किलोमीटर अधिक! पहिल्या नमुन्याचा मोडता पंख दुसऱ्यात सरळ करण्यात आला. १९३६ मध्ये ते ‘९६ प्रकार’ म्हणून स्वीकारले गेले.

वेग की चपळता?

याच सुमारास भूसेनेपुढे वेगळा प्रश्न उभा राहिला. तिच्या १९३६ च्या स्पर्धेत ‘की’ मालिकेतील तीन विमाने होती : नाकाजिमाचे की-२७, कावासाकीचे की-२८ व मित्सुबिशीचे की-३३. द्रवाने थंड होणाऱ्या एंजिनाचे की-२८ हे ताशी ४८५ किलोमीटर वेगाने तिघांत अग्रेसर होते. की-२७ चा वेग सुमारे ४७० होता. परंतु पंखाच्या क्षेत्रफळाच्या मानाने त्याचे वजन कमी असल्यामुळे ते अत्यंत लहान वर्तुळात वळू शके. भूसेनेने की-२७ निवडले. नाकाजिमाचेच की-१२ हे, एंजिनातून मारा करणारी तोफ व आत ओढली जाणारी चाके असलेले विमानही मागे पडले. की-२७ ची शस्त्रे मात्र ७.७ मिलिमीटरच्या दोन मशीनगनच होत्या. १९३९ मध्ये नोमोनहान येथे सोव्हिएत विमानांशी गाठ पडली, तेव्हा चपळतेचे गुण आणि मर्यादा दोन्ही दिसून आल्या.

ही निवड अज्ञानातून झालेली नव्हती. अनुभवी वैमानिकांनी विमाने स्वतः चालवून, द्वंद्वयुद्धाचा कस लावून ती केली होती. दोष कसोटीतच होता. वळणाच्या द्वंद्वात जो जिंकेल तो श्रेष्ठ, असे आधीच ठरविल्यावर वेगवान विमान नापास होणे अपरिहार्य होते.

१२-शि : सर्व अपेक्षांचा भार

१९३७ मध्ये चीनवर लादलेल्या युद्धात, सोबत लढाऊ विमाने नसलेल्या जपानी बाँबफेकी विमानांची ऑगस्टमध्ये मोठी हानी झाली. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या ‘१२-शि’ मागणीत दीर्घ पल्ल्याची भर पडली. ताशी ५०० किलोमीटर वेग, जादा टाकीसह सहा ते आठ तास उड्डाण, २० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि तरीही ‘९६ प्रकारा’ची चपळता, या अपेक्षा परस्परविरोधी असल्याचे पाहून नाकाजिमाने माघार घेतली. प्राधान्य कशास द्यावे, असे होरिकोशीने १९३८ मध्ये विचारले. मिनोरू गेंदा यांनी चपळतेची, तर ताकेओ शिबाता यांनी वेग व पल्ला यांची बाजू मांडली. वाद मिटला नाही. म्हणून सर्वच साधावे असे ठरले.

एंजिनाची शक्ती मर्यादित असल्यामुळे एकच वाट उरली, ती वजन घटविण्याची. सुमितोमोच्या नव्या, अधिक बळकट ॲल्युमिनियम मिश्रधातूने ती सुकर केली. चालकासाठी चिलखत व गोळी लागल्यास आपोआप बुजणाऱ्या टाक्या यांना या हिशेबात स्थान नव्हते. तयार झालेला पहिला नमुना नागोयाच्या कारखान्यातून सुमारे ४८ किलोमीटर अंतरावरील कागामिगाहारा येथे बैलगाड्यांवरून नेण्यात आला आणि १ एप्रिल १९३९ रोजी त्याने उड्डाण केले. मार्च १९४० मध्ये दुसरा नमुना झेप घेताना फुटला व त्याचा चालक प्राणास मुकला. हेच विमान पुढे ‘झीरो’ म्हणून प्रसिद्धीस आले.

या वीस वर्षांचा निष्कर्ष दुहेरी आहे. मोडलेल्या प्रत्येक नमुन्याचे कारण शोधण्याची शिस्त अंगी बाणल्यामुळेच जपानी अभियंते अनुकरणाच्या पायरीवरून स्वतंत्र निर्मितीपर्यंत आले. परंतु प्रयोग हा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. शत्रूची गोळी लागल्यावर चालक वाचेल काय, हा प्रश्न मागणीपत्रात नव्हता. म्हणून त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळाले नाही. ते पुढे रणांगणावर, शेकडो वैमानिकांच्या प्राणांच्या मोलाने मिळाले.