वसईची वाईन : वेदीवरची आणि घरची

जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला मान्यता दिली आणि राज्यभर वादळ उठले. चर्चा फिरत राहिली ती महसूल, द्राक्षबागायतदार आणि व्यसन यांभोवती. वसईत मात्र वाईनला पूजाविधीत आणि पाहुणचारात जुने स्थान आहे.

१५३४च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली. किल्ल्यात चर्च उभी राहिली, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना सुरू झाली, आणि मिस्सेला वाईन लागतेच. वेदीवर चालते ती निव्वळ द्राक्षांची, हा ख्रिस्तसभेचा दंडक आजही कायम आहे. किनाऱ्यावरच्या सामान्य माणसाचे पेय मात्र ताडी-माडीच राहिले. १६१६मध्ये फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने येशूचे चरित्र मराठी ओवीत आणले. त्या चरित्रातला पहिला चमत्कारच काना गावच्या लग्नातला: वाईन संपली, यजमानाची लाज जायची वेळ आली, आणि येशूने पाण्याची वाईन केली. पाहुण्याला काही कमी पडू नये, ही काळजी आपल्याही लग्नघराच्या चांगली ओळखीची आहे.

१७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, इथले ख्रिस्ती आणि त्यांचे विधी राहिले. इंग्रजी अमलात १८७८चा अबकारी कायदा आला, ताडाच्या झाडावरचा कर जाचक ठरला, आणि ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यांच्या धंद्याला त्याची झळ बसली. पुढे १९४९चा दारूबंदी कायदा आला. त्यात धर्मविधीच्या वाईनला वाट ठेवली गेली, पण विनापरवाना घरी मद्य करणे गुन्हा ठरले.

तरी नाताळची घरगुती वाईन वसईकरांच्या आठवणीतून गेली नाही. काळ्या मनुका किंवा जांभळे, साखर, पाणी, यीस्ट आणि मूठभर गहू चिनी मातीच्या बरणीत घालायचे. यीस्ट साखर खाते, वायू सुटतो, म्हणून झाकण घट्ट लावायचे नाही. रोज लाकडी डावाने ढवळायचे, तीनेक आठवड्यांनी मलमलच्या फडक्यातून गाळायचे आणि मुरत ठेवायचे. सणाला घरी आलेल्या माणसासमोर केकसोबत छोटा पेला ठेवायचा.

२००१च्या द्राक्ष-वाईन धोरणाने नाशिकच्या वाईन उद्योगाला बळ दिले. आपल्याच पालघर जिल्ह्यात, बोर्डीला, चिकूचीही वाईन झाली. या उद्योगावर पुष्कळ लिहून येते. घरच्या बरणीवर मात्र इथल्या सामवेदी आणि वाडवळी बोलींत, ती भरणारे हात शाबूत आहेत तोवर, लिहून ठेवायला हवे.

दारूने उद्ध्वस्त झालेली घरे वसईनेही पाहिली आहेत. ते दुःख झाकून हा इतिहास लिहिता येणार नाही. पण प्रसंगापुरते, चारचौघांत आणि मोजके घ्यायचे, हा या परंपरेचा मूळ धडा आहे. वाईनचे धोरण ठरवणाऱ्यांनी आणि त्याला विरोध करणाऱ्यांनीही तो वसईकडून घ्यावा.