आपटा, अश्मंतक आणि आसागाओ

विजयादशमीच्या आदल्या दिवशीं परळच्या रस्त्यांवर झेंडूच्या राशींशेजारीं जोडपानांच्या जुड्या विकावयास येतात. विकणारा त्यांस आपटा म्हणतो. पण त्यांतील कित्येक पानें कांचनाचीं असतात. आपट्याचें पान आंखूड, जाडसर व लांबीपेक्षां रुंदीनें अधिक. कांचनाचें त्याहून मोठें व पातळ. घेणारा तीं 'सोनें' म्हणूनच घेतो. वनस्पति बदलली, नांव व संकेत मात्र राहिले. ग्रंथांतही असेंच घडतें, याकडे पोथीसंग्राहकांचें लक्ष वेधावें, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

विराटपर्वांत पांडवांनीं शस्त्रें ठेविलीं तीं शमीवर. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु (इ. स. 1612) विजयादशमीस शमीपूजनच सांगतो. परंतु शमी कोरड्या प्रदेशांतली. कोंकणपट्टींत ती विरळा, आणि आपटा मात्र तेथील रानांत आढळतो. तेव्हां तिच्या ठायीं आपटा आला तो सोयीनें, असें मानण्यास हरकत नाहीं.

आपट्याचें संस्कृत नांव अश्मंतक. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत, मुंज न मिळाल्यास मेखला कुश, अश्मंतक किंवा बल्वज यांची करावी असें आहे. म्हणजे तेथेंही अश्मंतक बदलीचाच. आपट्याच्या सालीचा बळकट दोर होतो हें खरें. पण कुश व बल्वज हीं दोन्ही गवतें असतां मधलें नांव वृक्षाचेंच कशावरून?

असाच प्रश्न जपानी पंडितांसही पडला आहे. मान्योशू या आठव्या शतकांतील काव्यसंग्रहांत यामानोउए नो ओकुरा या कवीनें शरदांतील सात रानवनस्पति मोजल्या आहेत. वसंतांतील सात वनस्पति तेथें पेजेंत घालून खातात. शरदांतील या सात केवळ पाहावयाच्या. त्यांतल्या एका गवताचे रुपेरी तुरे शरदांतील चंद्रदर्शनाच्या वेळीं मांडण्याची रीत आहे. यादींतलें सातवें नांव आसागाओ, म्हणजे 'प्रातर्मुख'. आज हें नांव पहांटे फुलणाऱ्या एका वेलीचें आहे. परंतु ती वेल चीनमधून मागाहून आली असें मानितात. म्हणून ओकुराचें आसागाओ म्हणजे किक्यो नांवाचें घंटेसारखें जांभळें फूल होय, असें बहुतेकांचें मत आहे. अर्थ त्यांनीं बदलला. मूळ शब्दास मात्र हात लाविला नाहीं.

येथें आमची एक चूक सांगणें प्राप्त आहे. रघूनें कौत्सासाठीं कुबेरावर स्वारी योजिली आणि आपट्यावर सुवर्णवृष्टि झाली, ही कथा कालिदासाची म्हणून आम्हीं वर्गांत अनेक वर्षें सांगितली. पुढें रघुवंशाचा पांचवा सर्ग याच दृष्टीनें पुन्हां वाचला, तों तेथें चौदा कोटींची दक्षिणा आहे, कुबेराचें भय आहे. परंतु सोनें पडतें तें कोषागारांत. शमी नाहीं आणि आपटाही नाहीं. तो वृक्ष मागून कोणी तरी कथेंत लाविला.

केव्हां लाविला, हें पोथ्याच सांगूं शकतील. ज्यांच्या संग्रहीं दसऱ्याची कथा असेल त्यांनीं तींत शमी आहे, अश्मंतक आहे कीं आपटा, हें पाहून पत्रांक व लेखनशक यांसह टिपून ठेवावें. नांव चुकीचें वाटलें तरी सुधारूं नये. आपण ज्यास लेखकप्रमाद म्हणून खोडूं, तोच कदाचित् या रूढीचा एकमेव साक्षी असेल.