तहान मारून धंदा करू नका

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही साताऱ्याहून सांगलीला गेलो. महामार्गाने कऱ्हाड, पुढे पेठ नाका, तिथून आत वळून आष्टा आणि सांगली. रस्त्याच्या दोन्ही कडांना कष्टकऱ्यांची दुकाने मांडलेली. कुठे रसवंतीचे घुंगरू वाजताहेत, कुठे कलिंगडांची रास, कुठे पाटीत तासगावची द्राक्षे, कुठे तिखटमीठ लावलेली काकडी. विकणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायाच दिसल्या.

एका फाट्यावर आम्ही उसाचा रस घेतला. रस देणाऱ्या मावशींचे ओठ सुकलेले होते. आम्ही विचारले, "मावशी, तुम्ही पाणी प्यालात का?" त्या हसून म्हणाल्या, "पाणी प्यालं की जायाचं कुठं, बाळा? हितं आडोसा हाय का?" सकाळी सातला घरून निघाल्यापासून त्यांनी लघवी केली नव्हती. घड्याळात दुपारचे तीन वाजले होते.

दिवसभर दुसऱ्याची तहान भागवणारी बाई स्वतः तहानलेली राहते. आपल्या वस्तीतही अशा आया-बहिणी आहेत. म्हणून या वेळी हा विषय.

शरीरात काय होते?

लघवीवाटे शरीरातील घाण आणि जंतू बाहेर पडतात. पाणी कमी प्यायले आणि लघवी तासन्‌तास दाबून ठेवली, तर मूत्राशयात जंतू वाढतात. स्त्रियांची मूत्रनलिका आखूड असते, त्यामुळे बाहेरचे जंतू आत लवकर पोचतात. मग जळजळ होते, सारखे लघवीला लागते, ओटीपोटात दुखते. दुखणे अंगावर काढले तर जंतू मूत्रपिंडापर्यंत जातात. लघवी घट्ट होत राहिली की मुतखड्याचीही भीती असते. हे पुरुषांनाही लागू आहे.

दुसरा धोका उन्हाचा. घाम येतो म्हणून अंग थंड राहते, आणि घामाला पाणी लागते. पाणीच नसेल तर अंग तापत जाते. चहाच्या घोटावर आणि मिश्रीवर दिवस काढल्याने तहान मरते, पाण्याची गरज मात्र तशीच राहते.

आपण काय करावे?

- तहान लागायची वाट पाहू नका. उन्हात अर्ध्या-पाऊण तासाने पेलाभर पाणी घ्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारा.
- लघवीचा रंग पाहा. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद झाली तर पाणी कमी पडते आहे.
- तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ लघवी दाबू नका. शेजारच्या गाड्यावाल्या बाईशी जोडी जमवा. एकीने दोन्ही गाडे पाहायचे, दुसरीने जाऊन यायचे. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी मोफत असायला हवे. तिथे जायला लाजू नका.
- फार घाम गेला, थकवा आला, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा विरघळवून थोडे थोडे घ्या. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी हे रोज पिऊ नये.

दवाखाना कधी गाठावा?

थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर कुशीत दुखणे, लघवीत रक्त, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाईने नुसती जळजळ असली तरी थांबू नये. या जंतुसंसर्गाने बाळंतपण दिवस भरण्याआधी होऊ शकते. गोळ्या दिल्या तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत.

उन्हात कुणी बरळू लागले, अंग भट्टीसारखे तापले, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आडोसा मागण्याचा हक्क

सगळा भार त्या बाईवरच टाकून चालणार नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहरात पथविक्रेता समिती असावी लागते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, आणि अनुसूचित जातींनाही प्रतिनिधित्व हवे. सातारा नगरपालिका असो की सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका, तिथे धंदा करणाऱ्या बहिणींनी बाजाराजवळ स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याची मागणी या समितीत लेखी द्यावी. फाट्यावर बसणाऱ्यांनी ती ग्रामसभेत मांडावी. एकटीने जाऊ नका, दहाजणी मिळून जा, आणि अर्जाची पोच घ्या.

१९२७ साली महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे पाण्याच्या हक्कासाठी गेली. त्यांच्या नाती आज आडोसा नाही म्हणून पाणी टाळतात, हे आपण मुकाट्याने पाहायचे का? येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एवढेच विचारा: आपल्यातल्या किती जणी दिवसभर लघवी दाबून बसतात? ज्या हात वर करतील त्यांची नावे लिहून घ्या. अर्जावरच्या पहिल्या सह्या त्यांच्याच असू द्या.