मुक्त आज्ञावलींचें मंडळ : तालुक्याच्या गांवीं तें कसें चालवावें

मंडळ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें भजनी मंडळ, गणेशोत्सव मंडळ, फार तर व्याख्यानें करविणारें मंडळ उभें राहतें. आज मी ज्याविषयीं बोलणार आहें तें मंडळ संगणक वापरणाऱ्यांचें आहे. आणि त्यांतही, जी आज्ञावली कोणा एकाच्या कुलुपांत नाहीं, ती वापरणाऱ्यांचें. आज्ञावली म्हणजे ज्यास आपण सर्रास सॉफ्टवेअर म्हणतों तें. अशीं मंडळें पुण्यामुंबईस निघालीं ह्यांत नवल नाहीं. परंतु त्यांची खरी गरज मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं आहे, असें मला वाटतें.

प्रथम 'मुक्त' ह्या शब्दाचा अर्थ पाहूं. दुकानांतून घेतलेल्या बहुतेक आज्ञावलींचें मूळ लेखन गिऱ्हाइकास दिसत नाहीं. त्याला वापराची परवानगी तेवढी मिळते, आणि तीही अटींनीं बांधलेली. ही रीत न पटल्यामुळें अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८३ सालीं 'ग्नू' नांवाचें कार्य जाहीर केलें. आज्ञावली कोणत्याही कामास लावावी. तिचें मूळ लेखन अभ्यासून हवें तसें बदलावें. तिच्या प्रती दुसऱ्यास द्याव्या. आणि सुधारलेली प्रतही वांटावी, असे चार हक्क त्यांनीं वापरणाऱ्यास दिले. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें 'लिनक्स' हा संगणक चालविणारा गाभा लिहून जगापुढें ठेवला. ह्या दोन प्रवाहांच्या संगमांतून आजची लिनक्सप्रणाली तयार झाली. १९९८ पासून अशा आज्ञावलींस 'ओपन सोर्स' हेंही नांव मिळालें. त्या बहुधा फुकट मिळतात हें खरें. पण मुक्त आणि फुकट हे दोन शब्द एक नव्हेत.

वापरणाऱ्यांनीं एकत्र येण्याची चाल ह्याहूनही जुनी आहे. १९५५ सालीं लॉस एंजेलिसच्या आसपास आयबीएमचीं प्रचंड यंत्रें वापरणाऱ्या संस्थांनीं 'शेअर' नांवाचा संघ काढला व आपण लिहिलेल्या आज्ञावली एकमेकांस देण्याचें ठरविलें. मार्च १९७५ मध्यें कॅलिफोर्नियांत एका मोटारखान्यांत 'होमब्रू' मंडळाची पहिली बैठक भरली. त्या मंडळींतूनच पुढें घरगुती संगणकाचे कांहीं नामांकित कर्ते निघाले. आपल्याकडेही मुंबई व पुणें येथें लिनक्स वापरणाऱ्यांचीं मंडळें निघालीं. पुण्याच्या मंडळानें सिम्बायोसिसच्या संगणकशिक्षण संस्थेच्या सहकार्यानें 'ग्नुनिफाय' नांवाचा मेळावा कित्येक वर्षें भरविला. महाविद्यालयांतील जागा, ठरलेला दिवस आणि प्रश्न विचारण्याची मोकळीक, एवढ्या भांडवलावर हीं कामें उभीं राहिलीं.

आतां मोताळ्याकडे वळूं. बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालें म्हणजे राजूरचा घाट उतरल्यावर आमचें गांव लागतें. आगगाडी मलकापूरास. येथें संगणक अडला तर तो उचलून मोठ्या गांवीं न्यावा लागतो. वर सांगितलेले चार हक्क मोताळ्याच्या माणसासही आहेत. पण मूळ लेखन वाचणारा तर दूरच, छापण्याचें यंत्र जोडून देणाराही शेजारीं नसेल, तर ते हक्क कागदावरच राहतात. मंडळ म्हणजे हा शेजार.

ही गोष्ट आजच निकडीची कां, तेंही सांगतों. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज दहा' ह्या प्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. तिच्या पुढील आवृत्तीस लागणारी सामग्री पुष्कळ जुन्या यंत्रांत नाहीं. शाळा, वाचनालयें, सहकारी संस्था येथील असलीं यंत्रें अंगानें धडधाकट असूनही दिवसेंदिवस अधिक असुरक्षित होणार. तीं भंगारांत घालावीं, तशींच धोका पत्करून वापरावीं, किंवा त्यांवर लिनक्स बसवावें, असे मुख्यत्वें तीन मार्ग उरतात. तिसरा मार्ग स्वस्त आहे. पण बसविल्यानंतर दुसऱ्या दिवशीं पडणाऱ्या प्रश्नास उत्तर देणारें कोणी नसेल, तर आठ दिवसांत तें यंत्र फडक्याखालीं झांकलें जाईल. ज्या शाळेंत दहा यंत्रें आहेत, तेथें प्रश्न दहा यंत्रांचा नसून त्यांवर शिकणाऱ्या मुलांच्या एका पिढीचा आहे.

मंडळ काढण्यास तिघे पुरेत : एक शिक्षक, एक महाविद्यालयीन विद्यार्थी आणि एक संगणक दुरुस्त करणारा. तिघेही तज्ज्ञ असण्याची गरज नाहीं. तिघेही नेमानें येणारे मात्र हवेत. जागा शाळेची किंवा वाचनालयाची मागावी. एखाद्याच्या दुकानांत बैठक ठेवूं नये, कारण मग लोक तिला त्या दुकानाचीच समजूं लागतात. महिन्यांतील एकच दिवस व एकच वेळ ठरवावी आणि ती मोडूं नये. चार माणसें आलीं तरी बैठक व्हावी. खेड्यापाड्यांतील मंडळी आठवडी बाजारास येतेच. त्या दिवशींची एखादी वेळ सोयीची पडते का, तें पाहावें.

बैठकीचा क्रम साधा ठेवावा. पहिला अर्धा तास नवख्यांच्या प्रश्नांचा. त्या वेळीं कोणाचा प्रश्न बाळबोध म्हणून हंसण्यावारीं नेऊं नये. एकदां हंसलेला माणूस पुन्हां येत नाहीं, हें मी वर्गांत चाळीस मुलांपुढें उभें राहून शिकलों आहें. नंतर एकानें एकच गोष्ट करून दाखवावी : पत्र कसें लिहावें, हिशेबाचा तक्ता कसा मांडावा, छायाचित्र लहान कसें करावें. शेवटीं प्रत्येकाचा हात यंत्रावर पडलाच पाहिजे. दाखविणाऱ्यानें शिकणाऱ्याच्या हातांतून माऊस काढून घेऊं नये, हा नियम फळ्यावर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे.

कोणाच्या यंत्रावर लिनक्स बसवावयाचें असेल, तर प्रथम त्यांतील सर्व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी व ती उघडते का, हें डोळ्यांनीं पाहावें. यंत्र शाळेचें असल्यास मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी. बरीच लिनक्सप्रणाली पेनड्राइव्हवरूनच, यंत्रांत कांहीं न बदलतां चालवून पाहतां येते. छापण्याचें यंत्र, आवाज, इंटरनेट आणि मराठी टंकलेखन हीं चार कामें अशा रीतीनें तपासावीं, आणि मगच पुढें जावें. कोणावर आग्रह मात्र करूं नये. 'टॅली'वर हिशेब ठेवणारा दुकानदार त्या आज्ञावलीसाठीं विंडोजला बांधलेला असतो. त्याला उगीच उपदेश करण्यापेक्षां, त्याच्या मुलास 'लिबर ऑफिस' शिकविलेलें बरें.

शिकण्याच्या साधनांची वाण नाहीं. मुंबईच्या आयआयटीनें 'स्पोकन ट्यूटोरियल' नांवाचे ध्वनिचित्रपाठ तयार केले आहेत. प्रत्येक पाठ सुमारें दहा मिनिटांचा असून त्यांतील कित्येक मराठींतही आहेत. ते एकदां उतरवून मंडळाच्या संगणकावर ठेवावे, म्हणजे वीज असली आणि इंटरनेट नसलें तरी बैठक अडत नाहीं.

आतां ज्या कामासाठीं मराठी माणसाची जागा दुसरा कोणी घेऊं शकत नाहीं, तें सांगतों. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना', ह्या जोड्यांतील भेद आपण शाळेंत शिकलों. हिंदीस ह्या आडव्या रफाराची गरज पडत नाहीं. तेव्हां परमुलखांत अक्षरसंच घडविणाऱ्यास तो ठाऊक असण्याचें कारण नाहीं. 'ॲ' हें आपलें अक्षर जगाच्या युनिकोड अक्षरकोशांत स्वतंत्रपणें आलें तें २००८ सालीं. देवनागरी लिपी त्यांत १९९१ पासून असूनही! असल्या उणिवा वापरणाऱ्यानें कळविल्या तरच दूर होतात, आणि मुक्त आज्ञावलींत त्या कळविण्याचा दरवाजा सर्वांस उघडा असतो. शिवाय, युनिकोड रूढ होण्यापूर्वीं ज्या त्या कंपनीचे निरनिराळे मराठी फाँट होते. त्यांत टंकलेलीं शाळेचीं प्रतिवृत्तें, संस्थांच्या सभांचीं इतिवृत्तें आज दुसऱ्या यंत्रावर उघडलीं तर निव्वळ चिन्हांची रांगोळी दिसते. तीं युनिकोडमध्यें आणणें हें मंडळाचें पहिलें लोकोपयोगी काम ठरूं शकेल. गांवची लिखित आठवण त्यामुळें वांचेल.

पैशाविषयीं दोनच शब्द. वर्गणी अगदीं अल्प असावी, आणि जमाखर्च दर बैठकीस वाचून दाखवावा. एक वही अवश्य ठेवावी. कोणता प्रश्न आला, कोणत्या यंत्रावर, आणि तो कसा सुटला, हें तींत मराठींत लिहावें. दोन वर्षांनीं ही वहीच मंडळाचा उत्तम शिक्षक होईल.

असलीं मंडळें बंद कां पडतात? बहुधा शत्रूमुळें नव्हे. हुशार विद्यार्थी बारावीनंतर पुण्याला किंवा नागपूरला जातो, आणि सारें काम त्याच्याच डोक्यांत असल्यामुळें त्याच्याबरोबर मंडळही जातें. ह्यास उपाय एकच : दर वर्षीं चिटणीस बदलावा, आणि जाणाऱ्यानें येणाऱ्यास तीन बैठकांपर्यंत शेजारीं बसवून काम शिकवावें. नववींतील मुलगी जर अकरावींतील मुलास छापण्याचें यंत्र जोडून दाखवूं लागली, तर मंडळ रुजलें असें समजावें.

श्रोतेहो, मूळ लेखन उघडें ठेवण्याचें काम जगांतील हजारों अनोळखी माणसांनीं आपल्यासाठीं करून ठेविलें आहे. तें मोताळ्यांतल्या, किंवा आपल्या गांवांतल्या, एखाद्या शाळेच्या खोलींत चालतें करण्याचें काम मात्र त्यांच्या हातचें नाहीं. तें आपलें आहे. आणि त्यास तिघे माणसें, एक खोली व महिन्यांतला एक ठरलेला दिवस एवढें पुरतें.